परसदारी दिसलेला अनोळखी प्राणी : ओळख कशी पटली? (अनुभव धागा)

पावसाळा सरत आला आणि तुरी कमरेला लागल्या की मराठवाड्यातल्या गावोगावच्या गटांवर एक प्रश्न हमखास फिरू लागतो : "रात्री घरामागे हे दिसले, हा कोणता प्राणी?" सोबतचे छायाचित्र अंधारातले आणि हललेले असते, तरी त्याखाली तासाभरात छातीठोक उत्तरे जमतात. बिबट्याच्या बातम्या वाढल्यापासून तर अंगावर ठिपका दिसला की तो प्राणी बिबट्याचे पिल्लूच ठरतो. म्हणून हा धागा काढत आहे. आपल्या परसात, गोठ्यात, माळवदावर किंवा घरामागच्या शेतात आलेला लहान वन्य प्राणी कोणता होता आणि त्याची ओळख नेमकी कशावरून पटली, एवढेच येथे लिहावे.

एक विनंती आधीच करतो. प्राण्याचा आकार सांगण्यावर फार भर देऊ नये, कारण भ्यालेल्या नजरेला मांजरही कुत्र्याएवढे दिसते. आणि रंग तर विजेरीच्या उजेडात कोणताही दिसू शकतो. शेपूट कशी होती, चाल कशी होती, वेळ कोणती होती, मागे विष्ठा, केस किंवा ठसे काय राहिले, हे लिहावे. माझ्या मते या सगळ्यांत शेपूट सर्वांत भरवशाची. प्राणी दुर्मीळ असेल तर गावाचे नाव मात्र लिहू नये, तालुकाही नको.

अंबाजोगाई, गृहिणी

आमचा वाडा जुना आणि माळवदाचा असला, तरी मागच्या सोप्यावर पत्रे आहेत आणि पत्र्यांखाली लाकडी फळ्यांचे छत आहे. जांभळे पिकण्याच्या दिवसांत या छतावर रात्री कोणीतरी धावत असे, आणि सकाळी परसातल्या भिंतीच्या माथ्यावर, रोज जवळजवळ त्याच जागी, विष्ठा पडलेली असे. काडीने ती पसरून पाहिली, तेव्हा तिच्यात जांभळाच्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या निघाल्या. शिवाय उंबराची बारीक बी आणि उंदराचे थोडे केस. मांजराची विष्ठा अशी बियांनी भरलेली नसते आणि ती बहुधा मातीत झाकलेली असते, त्यामुळे मांजराचा संशय तेथेच मिटला. छताखालच्या खोलीत येणारा वासही उग्र नव्हता. सुवासिक तांदूळ शिजत असल्यासारखा होता.

पुढे एका रात्री यांनी विजेरी मारली तेव्हा तो चिंचेच्या फांदीवर थांबला आणि आम्हाला नीट पाहता आला. गडद करडे, जवळजवळ काळे अंग, डोळ्यांवर काळा मुखवटा घातल्यासारखा चेहरा व डोळ्यांखाली फिकट डाग, आखूड पाय, आणि अंगाएवढी लांब शेपूट, जिच्यावर एकही वलय नव्हते. ते उदमांजर होते. सासूबाईंनी मात्र पाहताक्षणी सांगितले, "मसन्या ऊद हाय तो, लेकरं आत घ्या." तो पुरलेली मढी उकरतो, अशी आमच्याकडची जुनी समजूत आहे. ज्याच्या पोटात जांभळे निघतात त्याला मढ्याचे काय काम, असे मी म्हटले, तेव्हा त्या हसल्या. पण दाराला कडी घातलीच.

छतात पिल्ले होती, म्हणून आम्ही त्यांना हुसकावले नाही. पिल्ले मोठी होऊन निघून गेल्यावर, मोठे प्राणीही रात्री बाहेर पडल्याची खात्री करून, पत्र्याखालची फट जाळीने बंद केली. आत प्राणी असताना फट बुजवली, तर तो आतच मरतो आणि मग घरात राहणे कठीण होते.

छत्रपती संभाजीनगर, शहराच्या कडेची वसाहत

आमच्याकडे प्रत्यक्ष कोणीच काही पाहिले नव्हते. जे दिसले ते वाहनतळावरच्या कॅमेऱ्यात. रात्रीच्या चित्रणात रंग उरत नाही, सगळे राखाडी दिसते आणि डोळे दिव्यासारखे चमकतात, त्यामुळे वसाहतीच्या गटावर तरसापासून पाळीव मांजरापर्यंत सगळी नावे घेऊन झाली. मी तेच चित्रण हळू गतीने लावून एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे शेपूट. तिच्यावर गडद आणि फिकट वलये एकाआड एक स्पष्ट दिसत होती, आणि पाठीवर ठिपक्यांच्या रांगा मानेपासून मागे जाताना जुळून रेघांसारख्या झाल्या होत्या. तोंड निमुळते होते. आणखी एक गोष्ट अशी की, भिंत फारशी उंच नसतानाही तो प्राणी तिच्यावर चढला नाही. पायथ्याने, नाक जमिनीला लावून, नालीच्या तोंडापर्यंत गेला. ही लक्षणे जवादी मांजराची आहेत, जे उदमांजराचे भाऊबंद असले तरी बहुतेक जमिनीवरच वावरते. अंबाजोगाईच्या ताईंनी लिहिलेल्या प्राण्याशी ताडून पाहिल्यास फरक लगेच कळेल : तो झाडावरचा आणि वलये नसलेला, हा जमिनीवरचा आणि वलये असलेला.

वसाहतीतल्या कचऱ्याच्या उघड्या डब्यांवर उंदीर येत असत व उंदरांमागे हा येत असे. डब्यांना झाकणे बसवल्यानंतर चित्रणात तो क्वचितच दिसू लागला.

लातूर जिल्हा, शेतकरी

घराला लागूनच उसाचा फड आहे. तोड चालू असताना पाचटाखाली डोळेही न उघडलेली पिल्ले सापडली आणि तोडकऱ्यांनी कोयते खाली टाकले. "बिबट्याचीच हायेत, आई जवळच असंल," असे म्हणून सगळे बांधावर जाऊन उभे राहिले. त्यांचे भय खोटे म्हणता येणार नाही, कारण उसात बिबट्याची मादी विते, हे सर्वांना ठाऊक आहे. मी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवले. वनरक्षक आले, त्यांनी हातमोजे घालून एक पिल्लू उजेडात धरले आणि आम्हाला दाखवले : बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर गर्द, दाट ठिपके असतात, याच्या अंगावर भुरकट पट्टे होते, पाय सडपातळ होते आणि शेपूट आखूड होती. ती रानमांजराची पिल्ले होती. मोठे झाल्यावर हे पट्टे अंगावरून जवळजवळ जातात, पायांवर आणि शेपटीच्या टोकाशी तेवढे उरतात.

नंतर जे केले ते अधिक महत्त्वाचे वाटते, म्हणून लिहितो. पिल्ले कोणी घरी नेली नाहीत, त्यांना गाईचे दूध पाजले नाही. प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये पाचट घालून, जेथे सापडली तेथेच ती ठेवली, तेवढा पट्टा तोडायचा राहू दिला आणि संध्याकाळी सगळ्यांना तेथून हलवले. सकाळी क्रेट रिकामा होता. मादीने पिल्ले तोंडात धरून उरलेल्या उसात नेली होती. मुकादमाची एका पट्ट्यावरून थोडी कुरकुर झाली, ती आम्ही सोसली.

जालना, निवृत्त विज्ञान शिक्षक

माझा प्राणी सर्वांत क्षुल्लक, पण सर्वांत जास्त मारला जाणारा. न्हाणीच्या मोरीतून येणाऱ्या चिचुंद्रीला लोक उंदीर समजून विष घालतात. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी नाहीच. उंदराला पुढे पटाशीसारखे दोन दात असतात. चिचुंद्रीचे दात बारीक आणि टोकदार असतात, तोंड सोंडेसारखे लांब व सतत हलणारे, आणि डोळे जेमतेम दिसतील एवढे असतात. ती झुरळे व किडे खाते. भिंतीच्या कडेने चीं चीं करत जाते आणि मागे कस्तुरीसारखा उग्र दर्प सोडते; त्या दर्पामुळे मांजर तिला मारले तरी बहुधा खात नाही. पिल्ले एकमेकांच्या शेपटीचे मूळ तोंडात धरून आईमागे ओळीने जातात, हे मी आमच्या लाकूडफाट्याच्या ढिगाजवळ प्रत्यक्ष पाहिले आहे. लांबून ती ओळ सापाच्या पिल्लासारखी भासते आणि तेवढ्यावरून काठी उचलली जाते.

किनवट, जि. नांदेड

मुंगूस ओळखण्यात काय अवघड आहे, असे अनेकांना वाटेल. आमच्या भागात सागाचे जंगल जवळ असल्यामुळे दोन प्रकारची मुंगसे परसापर्यंत येतात. नेहमीचे मुंगूस करडे असते. त्याच्या एकेका केसावर फिकट आणि गडद पट्टे असल्याने सबंध अंग मिरमिरीत दिसते. दुसरे तांबूस असते, आणि त्याच्या शेपटीचे टोक काळे असून चालताना ते वर वळवलेले असते. दोघेही दिवसा हिंडतात, त्यामुळे रात्री बारा वाजता मुंगूस दिसल्याचे कोणी सांगितले, तर मी आधी उदमांजराची चौकशी करतो. मुंगसाचे तोंड पाहिले की दिवस चांगला जातो, या समजुतीपायी ते आमच्याकडे सुखरूप असते; इतरत्र ब्रशाच्या केसांसाठी त्याची शिकार होत आली आहे.

बीड जिल्हा, बालाघाटाचा पायथा

आमच्या प्राण्याने स्वतःच ओळखपत्र ठेवले. परसातल्या रताळ्यांचा वाफा उकरलेला होता, शेवग्याच्या बुंध्याची साल खालच्या अंगाला कुरतडलेली होती, आणि कुंपणाच्या तारेशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, वीतभर लांबीचा काटा पडलेला होता. सायाळ काटे फेकून मारते, असे गावात अजूनही सांगतात. प्रत्यक्षात ती पाठमोरी होऊन अंगावर येते आणि सैल झालेले काटे समोरच्याच्या अंगात रुतून राहतात. शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या नाकातले काटे पशुवैद्यांनी काढले, तेव्हा हे सर्वांना पटले. तिच्या शेपटीतले पोकळ काटे एकमेकांवर आपटून खुळखुळ वाजतात. अंधारात तो आवाज ऐकू आला, तर कुत्रा बांधून ठेवावा.

हिंगोली जिल्हा, वैद्यकीय अधिकारी

ओळख पटवण्याच्या नादात लोक प्राण्याच्या फार जवळ जातात, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळ्या अंगाने लिहितो. कडब्याच्या गंजीत हात घातला आणि "काहीतरी चावले" असे सांगत रुग्ण येतात. चावणारा मुंगूस होता, रानमांजर होते की कोल्हा, याचा निर्णय होईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. मुंगसासह या कोणत्याही प्राण्यापासून रेबीज होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही तीवर लावू नये. आणि त्याच दिवशी लसीचा पहिला डोस घ्यावा. रक्त आले असेल, तर जखमेत देण्याचे वेगळे इंजेक्शनही लागते. एक लक्षण मात्र ओळखीच्या दृष्टीने उपयोगाचे आहे : एरवी माणूस दिसताच पळणारा रानटी प्राणी भरदिवसा न बुजता अंगावर येत असेल, तर त्याची जात विचारत बसू नये, दार लावावे.

धाराशिव जिल्हा (गाव सांगत नाही)

गोठ्यामागच्या वारुळापाशी पहाटे एक गोल, खवल्यांचा गोळा पडलेला होता. म्हाताऱ्या गड्याला तो नारळाएवढा दगड वाटला. बॅटरी टाकल्यावर खवले हलले. शेपटीही खवल्यांचीच आणि पोटाशी गुंडाळलेली, त्यामुळे तोंड कोठे आहे तेच कळत नव्हते. खवल्या मांजर. मांजराशी त्याचा काही संबंध नाही. तोंडात दात नाहीत, लांब चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी खाते, आणि त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. त्यात औषध नाही. तरीही त्याच दिवशी दुपारपर्यंत कोणीतरी "याला लाखांत पैसे येतात" असे कुजबुजू लागला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, आणि त्याला पकडण्यासाठी 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते, हे मी चारचौघांत मोठ्याने सांगितले; कुजबुज थांबली. वनविभागाचे लोक येईपर्यंत आम्ही त्याच्यावर टोपले झाकले नाही, फक्त कुत्री बांधली आणि छायाचित्रे कोणालाही पाठवली नाहीत.

परभणी, विद्यार्थिनी

आमच्याकडे अजून ओळख पटलेली नाही. कोंबड्यांच्या खुराड्याभोवती रात्री काहीतरी फिरते. आईने एकदा ओझरते पाहिले : पाळीव मांजराहूनही लहान, अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावर उभ्या रेघा. शेपूट तिला दिसली नाही. कोंबडी अजून गेलेली नाही. काय करावे?

धागाकर्ता

कपाळावरच्या रेघा आणि गंजाचे ठिपके यांवरून वाघाटी मनात येते, जी जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असून तिचे वजन दीड किलोच्या आसपासच भरते. पण एका ओझरत्या नजरेवर नाव लावू नये. चुलीची राख चाळून घ्या आणि रात्री खुराड्याभोवती पातळ पसरा. सकाळी चार बोटांचा, नखे न उमटलेला गोलसर ठसा असेल, तर प्राणी मांजरकुळातला. चार बोटे आणि पुढे नखांचे टिंब असतील, तर कुत्रा, कोल्हा किंवा खोकड. पाच बोटे असतील, तर मुंगूस किंवा उदमांजर. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून छायाचित्र अगदी वरून, सरळ घ्या, म्हणजे माप कळेल. आणि हे सगळे कोंबड्या सोडण्यापूर्वी उरका, नाहीतर राखेत कोंबड्यांशिवाय कोणाचेच पाऊल सापडणार नाही.