नमुना रिपॉझिटरीत नाव लिहिणे याला योगदान म्हणावे का?

अर्धविराम (धागाकर्ता):
मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गिट, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, शिकवतो आणि पहिला सराव म्हणून त्यांना गिटहब या संकेतस्थळावरील 'फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन्स' या सामायिक रिपॉझिटरीकडे (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्याकडे) पाठवतो. फोर्क करायचे (आपल्या खात्यात तिची प्रत काढायची), ती प्रत संगणकावर उतरवून घ्यायची, बदलांसाठी वेगळी ब्रँच (शाखा) काढायची, यादीत स्वतःचे नाव घालायचे आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या' अशी विनंती, पाठवायची, एवढेच तिथले काम. परवा एका सहकाऱ्यांनी विचारले, "ही तर हजेरी झाली; यात योगदान कसले?"

मला हा आक्षेप मान्य नाही. नाव यादीच्या आरंभी किंवा शेवटी न लिहिता मध्ये कुठेतरी लिहा, अशी तिथे स्पष्ट सूचना आहे. ती न वाचता एका मुलीने शेवटी नाव लिहिले आणि तिच्याआधी दुसऱ्याचे नाव त्याच जागी मर्ज झाले, म्हणजे मूळ फाइलीत घेतले गेले. एकाच जागी दोन बदल आले की गिट दोन्ही समोर ठेवते. फाइल उघडल्यावर कोनी कंसाच्या सात खुणांची (<<<<<<<) ओळ, खाली एक नाव, मग सात बरोबरची चिन्हे, खाली दुसरे नाव, हे पाहून ती घाबरली. पण दोन्ही नावे ठेवून खुणा पुसायच्या हे तिचे तिलाच उमगले. फळ्यावर हे मला आजवर शिकवता आलेले नाही.

तळटीप:
सराव जरूर करावा, पण त्याला योगदान म्हणू नये. त्या शब्दाने काय होते ते 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे डिजिटलओशन कंपनीच्या ऑक्टोबरातील योगदान-उपक्रमात, दिसले. चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्या पहिल्या 70,000 जणांना टीशर्ट मिळणार होता. त्यापायी लोकांनी अनोळखी प्रकल्पांच्या रीडमीत (ओळख करून देणाऱ्या फाइलीत) एखाददुसरा निरर्थक शब्द घालून रिक्वेस्टांचा पाऊस पाडला. अखेर 3 ऑक्टोबरला, ज्या रिपॉझिटरीने स्वतःहून सहभाग कळवला तिथलेच काम धरायचे, असा नियम डिजिटलओशनला करावा लागला. 2024 च्या सुरुवातीला तर टीशर्टचेही आमिष नव्हते. एका शिकवणीच्या व्हिडिओत वेबसाइट बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एक्सप्रेस' या प्रकल्पाचा रीडमी उदाहरणादाखल वापरला गेला आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी तिथे स्वतःची नावे घालणाऱ्या रिक्वेस्ट ढिगाने पाठवल्या. अशी प्रत्येक रिक्वेस्ट बंद करायला कोणाला तरी आपला वेळ घालवावा लागतो आणि तो माणूस बहुधा बिनपगारी असतो.

सह्यवारा:
एक्सप्रेसचे उदाहरण मला उलट धागाकर्त्याच्या बाजूचे वाटते, कारण नमुना रिपॉझिटरी हाताशी असती तर ती मुले तिथे गेलीच नसती. माझी तक्रार निराळी आहे. गिटहबची स्वतःची 'स्पून-नाइफ' ही रिपॉझिटरी 2011 पासून केवळ प्रात्यक्षिकासाठी ठेवलेली आहे; तिचे फोर्क एक लाखाच्या पुढे गेले आहेत, पण पाठवलेली रिक्वेस्ट तिथे नुसती पडून राहते. उत्तरच आले नाही, तर नवख्याला काय कळणार?

अंक अक्षरांत लिहून देणारी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) मी सांभाळतो. पुढच्या दशकाला 'एकोण' जोडण्याचा नियम तिच्यात होता, म्हणून 89 चे एकोणनव्वद बरोबर यायचे आणि 99 चे मात्र 'एकोणशंभर' व्हायचे. एका विद्यार्थ्याने ते 'नव्याण्णव' करून पाठवले. मी चाचणी (उत्तर बरोबर येते का ते तपासणारा कोड) मागितली, त्याने ती लिहिली. कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात नुसते 'बदल' असे होते, तेही सुधारायला लावले. बदल एका शब्दाचा होता आणि मर्ज व्हायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांना मी योगदान म्हणेन.

तळटीप:
हे मान्य. पण साठ मुलांच्या रिक्वेस्ट अशा बारकाईने तपासणार कोण? सरांचे तर अख्खे सत्र त्यातच जाईल.

अर्धविराम (धागाकर्ता):
नाव लिहिण्याचा पहिला तास मी ठेवणार आहे. तेवढ्यावर प्रमाणपत्र मागणाऱ्यांना मात्र यापुढे नकार देईन. दुसऱ्या आठवड्यापासून वर्गाची स्वतंत्र रिपॉझिटरी राहील, मुले एकमेकांच्या रिक्वेस्ट तपासतील आणि किमान एक प्रश्न विचारल्याशिवाय कोणालाही मंजुरी देता येणार नाही. मर्जचा अधिकार सध्या माझ्याकडेच ठेवतो. सह्यवारा, त्यानंतर तुमच्याकडे देण्याजोगे काही काम आहे का?

सह्यवारा:
आहे. अपूर्णांक सगळे बाकी आहेत. सव्वातीन, साडेतीन आणि पावणेचार सरळ नियमात बसतात, पण दीड आणि अडीच बसत नाहीत, आणि 1.5 चे 'साडेएक' छापलेले मला पाहवत नाही. मुलांना अवश्य पाठवा, फक्त चाचणीसकट.