श्रीलंका: विश्वास उडाला तो माणसावरचा की खुर्चीवरचा?

दीपस्तंभ:
९ जुलै २०२२ ला कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले. पण खरं पाहायला हवं ते त्याआधीच्या अडीच वर्षांकडे. गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबर २०१९ मध्ये ५२ टक्के मतं मिळवून राष्ट्राध्यक्षपदी आले. आल्याआल्या व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि तिजोरी आटली. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी. भात आणि चहा दोन्हींना फटका बसला. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जफेड थांबली. एका माणसाच्या मनात येतं आणि देशभर लागू होतं, कारण १९७८ च्या राज्यघटनेनं हे पदच तसं घडवलंय. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांना १९ व्या घटनादुरुस्तीनं घातलेली वेसण २०२० च्या २० व्या दुरुस्तीनं काढून टाकली. दोष खुर्चीचा आहे. ती रद्द व्हायला हवी.

कोकणकडा:
साफ असहमत. २० वी दुरुस्ती संसदेत १५६ मतांनी मंजूर झाली आणि ते बहुमत लोकांनीच दिलं होतं. का दिलं? २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं गेली. भारतानं आगाऊ इशारा दिला होता. पण राष्ट्राध्यक्ष सिरिसेना आणि पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांच्यातून विस्तव जात नव्हता, इशाऱ्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही. तेव्हा तुमची १९ वी दुरुस्ती लागूच होती! सत्ता वाटली की जबाबदारीही विरघळते, हे लोकांनी भोगलंय. शिवाय त्याच खुर्चीवर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके बसले आणि दोनच महिन्यांत लोकांनी त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा दिल्या. विश्वास माणसावरच असतो.

रानवारा:
@कोकणकडा, मधले रानिल विसरलात. गोटाबाया पळाल्यावर संसदेत १३४ मतं मिळवून ते राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा संसदेत त्यांच्या पक्षाचे खासदार ते एकटेच. २०२३ च्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत म्हणून लांबवल्या. त्यातून नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये म्हटलं. माणूस बदलला, वागणं तेच.

सांजवेळ:
घटनेचा वाद मला दुय्यम वाटतो. मार्च २०२२ मध्ये इंधनाच्या रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं कोसळून मेली. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. घरात गॅस नसलेल्या बाईला १९ वी आणि २० वी दुरुस्ती सांगून काय उपयोग?

कोकणकडा:
@रानवारा, पण मग न्यायालयानं रोखलंच की. २०१८ मध्ये सिरिसेनांनी संसद बरखास्त केली, ती न्यायालयानं परत उभी केली. ईस्टर प्रकरणात त्यांनाच १० कोटी श्रीलंकन रुपयांची भरपाई द्यायला लावली. आर्थिक अरिष्टाला राजपक्षे बंधू जबाबदार, हा निकाल २०२३ चा. खुर्ची मोडू नका, न्यायालय बळकट करा.

दीपस्तंभ:
न्यायालय बोलतं ते नुकसान झाल्यावर! ईस्टरचा निकाल यायला जानेवारी २०२३ उजाडला. @सांजवेळ, त्या बाईचा गॅस का संपला याचं उत्तर त्या दुरुस्त्यांतच आहे. पद रद्द करण्याचं वचन माजी राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगांनी १९९४ मध्ये दिलं होतं, तेच आता अनुरांनी दिलंय. त्यांच्याकडे दोन-तृतीयांशहून जास्त जागा आहेत. सार्वमत लागत असेल तर तेही घ्यावं, लोकांची साथ आहे तोवरच.