टावी करून घरी आलेल्या पेशंटची जांघ कशी तपासायची? (कुरखेडा)

उपकेंद्रताई: गावातल्या ७९ वर्षांच्या बाबाजींची नागपूरला टावी (छाती न उघडता रक्तवाहिनीतून नळीनं हृदयाची झडप बसवणं) झाली, उजव्या जांघेतून. चौथ्या दिवशी सुटी मिळाली. नागपूर इथून तीन तासांचा रस्ता. कार्डावर 'जखमेची काळजी घ्या' एवढंच लिहिलं आहे. गृहभेटीत नेमकं काय पाहू? घरचे हळद-चुना लावून शेकायचं म्हणतात.

कॅथलॅबवाला: शेक आधी बंद करा ताई. उष्णतेनं रक्तवाहिन्या फुलतात, रक्तस्राव वाढतो. लेपही नको, त्याखाली कातडीचा रंग दिसत नाही.

झडप नेणारी नळी बहुधा १४ ते १६ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप, तीन फ्रेंच म्हणजे एक मिमी), म्हणजे आतून ४.७ ते ५.३ मिमी. साध्या अँजिओग्राफीची ५-६ फ्रेंच असते, यावरून छिद्राचा अंदाज येईल. ते बुजवायला बहुतेक ठिकाणी धाग्याचं उपकरण वापरतात. गाठ आत वाहिनीवर बसते, बाहेर जेमतेम एक टाका. वाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम असलं की गाठ नीट बसत नाही आणि रक्त झिरपतं, नाहीतर आतला पापुद्रा सुटून वाहिनी बंद होते. बहुतेक बिघाड टेबलावर किंवा पहिल्याच दिवशी कळतात, काही मात्र घरी गेल्यावर.

जांघेतून रक्त आलं तर पेशंटला उताणं झोपवा, पाय सरळ. सुई आत तिरपी वर गेलेली असते, त्यामुळे वाहिनीतलं छिद्र कातडीवरच्या छिद्राच्या साधारण दोन बोटं वर असतं. तिथं तीन बोटांनी दाबा. १५-२० मिनिटं बोट उचलून बघायचं नाही. कापसाचा जाड बोळा ठेवून पट्टी आवळू नका, खाली रक्त साचतं आणि दिसत नाही. दाब न सोडता १०८ बोलवा.

रक्तवाहिनी_सर्जन: निळसर डाग मांडीवर उतरत गेला, पण मऊ असला तर घाबरायचं कारण नाही. कडा बॉलपेनने आखून ठेवा, दुसऱ्या दिवशी ताडून पाहा.

खरी फसवणूक पोटामागच्या रक्तस्रावात आहे. जांघ कोरडी, आणि माणूस म्हणतो कंबर दुखते, कुशीत दुखते. घाम, फिकेपणा, उतरलेलं बीपी. नाडी वेगानं चालेलच असं नाही, मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर ती ७० वरच राहते. नाडी बरी आहे म्हणून थांबू नका.

दोन्ही पावलांच्या नाड्या रोज पाहा, पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे. सापडली तिथं पेनानं फुली. मधुमेह किंवा विडीमुळे काहींची नाडी आधीपासूनच लागत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत नोंद करा. पाय अचानक थंड, पांढरा, बधिर झाला तर हातात मोजके तास असतात. तो पायही शेकू नका.

उपकेंद्रताई: आणि जांघेत गाठ आली तर?

रक्तवाहिनी_सर्जन: तळवा हलका ठेवा. गाठ ठोक्यासोबत उडत असेल, स्टेथोस्कोपला सूं-सूं येत असेल तर तो वाहिनीचा खोटा फुगा समजा. गळू समजून कोणालाही चिरा देऊ देऊ नका, सुईनं ओढूही नका. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी (वाहिनीतला रक्तप्रवाह दाखवणारी). दोन सेंटीमीटरच्या आतला फुगा कधीकधी काही न करता, नुसतं लक्ष ठेवलं तरी आपोआप बुजतो. मोठ्यात थ्रॉम्बिनचं इंजेक्शन देतात, फुग्याची मान, म्हणजे वाहिनीला जोडणारा भाग, रुंद असली तर ऑपरेशन. डॉपलर कुठं होतं, गडचिरोली की ब्रह्मपुरी, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

वैनगंगाकाठ (फिजिओ): आठवडाभर उकिडवं बसणं बंद. संडासाला खुर्ची-कमोड, आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. पाण्यानं भरलेला गुंड उचलायचा नाही. खोकताना हातानं जांघ दाबून धरायची.

कॅथलॅबवाला: एक राहिलं. दुसऱ्या जांघेत किंवा मनगटातही छोटी नळी घातलेली असते, तीही जागा पाहा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी डाग पाहून घरच्या घरी बंद करू नका, ज्यांनी झडप बसवली त्यांना फोन करा. सुटीचं कार्ड आणि सीटी अँजिओची सीडी एकाच पिशवीत दाराजवळ टांगून ठेवायला सांगा. रात्री गाडी आली की ती शोधण्यात वेळ जातो.