सायकलचं १४२ मिमीचं जुनं मागचं चाक बूस्ट फ्रेममध्ये बसेल का?

प्रश्न: नवी ट्रेल फ्रेम बूस्ट, म्हणजे मागे १२×१४८ मिमी (ॲक्सलची जाडी × हबची रुंदी). जुनं चाक १२×१४२, ब्रेकची डिस्क सहा बोल्टची, फ्रीहब (हबचा कॅसेट चढवायचा भाग) शिमानो एचजी प्रकारचा. चालेल का?

उत्तर: चालेल. हबच्या दोन्ही बाजूंना ३ मिमीचे स्पेसर (जागा भरणाऱ्या कड्या) घाला. डिस्कही ३ मिमी बाहेर हवी, नाहीतर कॅलिपरमध्ये (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागात) नीट बसणारच नाही. डिस्कखाली तेवढाच स्पेसर घाला, बोल्ट ३ मिमी लांब घ्या. जुनेच वापरलेत तर आटे कमी पकडतात. ब्रेकच्या जोराने बोल्ट सुटू शकतात. इथे तडजोड नको.

दुसरं उत्तर: क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून पुढच्या दातेरी चक्रापर्यंतचं अंतर) ५२ मिमी हवी. कॅसेटही (मागच्या गिअरचक्रांचा संच) नवी घेणार असाल, तर शिमानोची १०-५१ दातांची कॅसेट एचजीवर चढत नाही, मायक्रोस्प्लाइन हा वेगळा फ्रीहब लागतो. स्राम कंपनीची ११-५० एनएक्स ईगल कॅसेट मात्र एचजीवर बसते.

प्रश्नकर्ता: मग एनएक्सच घेतो. आभार!