मदत हवी आहे: म्यूर्सो वाइन मुरली की ऑक्सिडाइझ झाली (हवेने बिघडली)?

फ्रान्सच्या बर्गंडीतली २०१४ ची म्यूर्सो, म्हणजे शार्डोने द्राक्षाची पांढरी वाइन, परवा उघडली. जोडीची दुसरी बाटली शिल्लक आहे, म्हणून विचारतोय. दोन्ही घेतल्यापासून वाइन-फ्रिजमध्ये १३ अंशांवर, आडव्या. बूच नैसर्गिक, ओलसर. गळती नाही, पातळीही ठीक.

रंग गडद सोनेरी, कडेला तपकिरी झाक. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, मागे अक्रोड. आंबटपणा शाबूत, पण लिंबाचा मागमूस नाही. फार गार असेल म्हणून जरा थांबलो, मग हवा लागावी म्हणून डिकँटरमध्ये (रुंद काचपात्रात) ओतली. हवेअभावी येणारा जळलेल्या काडीचा वास असता तर हवेने उडाला असता. इथे तासाभरात सफरचंद उलट चढतच गेलं.

मुरलेल्या शार्डोनेत हेझलनट, मध, मश्रूम येतात, ते मला आवडतंही. हे तसं वाटलं नाही. १९९० च्या दशकातल्या पांढऱ्या बर्गंडीपासून ज्याची ओरड आहे ते अकाली ऑक्सिडेशन हेच का? दुकानदार 'मुरलीय हो' म्हणून मोकळा झाला.

त्यात म्हणे एकाच पेटीतल्या बाटल्याही सारख्या निघत नाहीत. बूच न काढता वाइन काढायचं सुईचं यंत्र माझ्याकडे नाही. काच पिवळट हिरवी, त्यामुळे टॉर्च धरूनही रंगाचा नीट अंदाज येत नाही. तर दुसरी लगेच उघडावी की अजून ठेवण्यात अर्थ आहे?