बाबांना व्हेंटिलेटर नकोय, आई म्हणते पाप लागेल

बाबांचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे, ते म्हणतात नळ्या लावू नका घरीच राहू द्या, आणि आई म्हणते भोग भोगूनच संपवायचे असतात, ही आत्महत्याच झाली. मी मधल्यामधे अडकलोय. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, केलंय का कुणी?

कोथरूडकर: पाप कसलं हो? विनोबांनी १९८२ ला पवनारला अन्न, पाणी, औषध सगळं सोडलं, सावरकरांनी १९६६ मधे प्रायोपवेशन केलं. विचारांनी दोन टोकं, पण शेवटी वाट एकच! आईंना विनोबांचं सांगून बघा.

वकीलबाई: लिव्हिंग विल सुप्रीम कोर्टाने २०१८ मधेच मान्य केलंय. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरे. बाबा शुद्धीत आहेत तोवर करून घ्या. इंजेक्शन देऊन मरण मात्र आपल्याकडे अजून गुन्हाच.

वसईवाला: आम्ही कॅथलिक, इच्छामरण साफ नाही, पण शरीराला झेपत नाहीत असे उपचार नाकारायला चर्चची हरकत नाही. माझ्या आजीला घरीच ठेवलं होतं, मॉर्फिनच्या गोळ्यांवर, शेवटच्या आठवड्यात पेज मागून खाल्ली तिने.

मूळ प्रश्नकर्ता: विनोबांचं सांगितलं, आई म्हणाली ते संत होते, तुझे बाबा क्लार्क.