डायव्हिंगहून परतताना केबिन बॅग: सुरक्षा तपासणीत काय अडतं?

नीलतळ (प्रश्न)

सहा दिवसांच्या डायव्हिंगनंतर परतीचं विमान आहे. फिन्स, वेटसूट, बूट आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) चेक-इन बॅगेत जातील. केबिन बॅगेत ठेवायचं ते असं: रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणाऱ्या उपकरणाचा) पूर्ण सेट, मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाण्याखाली वापरायची हवाबंद पेटी), एक मोठी आणि एक छोटी टॉर्च, 18650 आकाराचे सहा सुटे लिथियम सेल, व्हिडिओ लाइटचा बॅटरी पॅक, रील (दोर गुंडाळलेलं चाक), एसएमबी (पाण्यावर खूण म्हणून फुगवायची नळी), लाइन कटर (दोर कापायचं साधन), डीफॉगची (मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून लावायच्या द्रवाची) बाटली आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब.

यातलं काय अडवलं जाईल? रेग्युलेटर उघडून दाखवावा लागतो का? बॅटरी पॅकवर वॉट-अवर छापलेले नाहीत, फक्त व्होल्ट आणि एमएएच आहेत, ते चालेल का? आणि सामान पुरतं वाळलं नाही तर काही अडचण येते का?

खाऱ्यापाण्याचा

लाइन कटर आधी बाहेर काढा. प्लास्टिकच्या खाचेत बसवलेली असली तरी ती रेझरचीच पाती, आणि एक्स-रेवर ती तशीच दिसते. चाकू, शिअर्स (कात्री), रीफ हुक (खडकाला अडकवायचा आकडा), अ‍ॅल्युमिनियमची पॉइंटर काठी, धातूची टोकदार ओ-रिंग पिक (ओ-रिंग म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, ती काढायचं साधन) हे सगळं चेक-इनमध्ये. तिथेही धार म्यानात किंवा जाड गुंडाळून ठेवा, कारण ती बॅग कुणीतरी हात घालून तपासू शकतं.

हत्यारांचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत 7 इंचांपर्यंतचे पाने (स्पॅनर) केबिनमध्ये चालतात. युरोपीय संघात 6 सेंटीमीटरपेक्षा लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही. वाटेत विमान बदलायचं असेल तर पुन्हा तपासणी होऊ शकते, म्हणून वाटेवरचा सगळ्यात कडक नियम धरूनच बॅग भरा.

निओप्रीन चिकटवण्याचा सॉल्व्हंटवाला गोंद आणि धुराचे किंवा ज्वालेचे सिग्नल फ्लेअर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. छोटा पोनी (जादा हवेचा) सिलिंडर असेल तर तो रिकामा हवा आणि आतून बघता यावा म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण काढलेला हवा. गेजवर शून्य दाखवून भागत नाही, कारण बंद सिलिंडरच्या आत काय आहे ते बाहेरून कळायला मार्ग नाही.

रेग्युलेटर केबिनमध्ये खुशाल न्या, तिथेच तो सुरक्षित. उघडावा लागत नाही. मात्र फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडायचा भाग) म्हणजे पितळेचा भरीव गोळा, त्याला चार-पाच होज (नळ्या). बॅगेच्या तळाशी चार्जर आणि वायरींसोबत कोंबला तर पडद्यावर ते सगळं एकच गुंतागुंतीचं चित्र होतं आणि बॅग हमखास बाजूला घेतली जाते. होज मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, जाळीच्या पिशवीत घाला, बॅगेत सर्वांत वर ठेवा आणि ट्रेपाशी पिशवी स्वतःहून वेगळी काढून ठेवा. शिशाची वजनं केबिनमध्ये नकोतच. शिशातून एक्स-रे जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर नुसता काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडावीच लागते.

सेलवाला

बॅटरीचं गणित सोपं आहे आणि ते सगळ्यांनी पाठ करावं: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. एमएएचला हजाराने भागलं की अँपिअर-अवर मिळतात. 3.6 व्होल्ट, 3500 एमएएचचा 18650 सेल म्हणजे 12.6 वॉट-अवर. 5000 एमएएचचा 21700 आकाराचा, जरा मोठा सेल म्हणजे 18.

विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार 100 वॉट-अवरपर्यंतच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना आधी परवानगी लागत नाही. मात्र सुट्या बॅटऱ्या किती न्यायच्या यावर काही विमान कंपन्या स्वतःची मर्यादा घालतात, ती बघून घ्या. 100 ते 160 मध्ये विमान कंपनीची मंजुरी लागते आणि सुट्या दोनच नेता येतात. 160 च्या वर प्रवासी सामानात नाहीच. आणि सुटी लिथियम बॅटरी नेहमी केबिनमध्येच, चेक-इनमध्ये कधीही नाही. पॉवर बँकही सुटी बॅटरीच धरली जाते.

प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, नाहीतर टोकांवर चिकटपट्टी लावा. बोल्ट स्नॅप (धातूच्या क्लिपा) आणि किल्ल्यांच्या पिशवीत सुटा सेल टाकणं सगळ्यात धोक्याचं: धातूने दोन टोकं जोडली गेली की सेल काही क्षणांत तापतो. ज्या सेलचं आवरण फाटलंय, जो फुगलाय किंवा ज्याच्या टॉर्चमध्ये पाणी शिरलं होतं, तो विमानात नेऊच नका. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्यांना मुळातच मनाई आहे.

आता टॉर्च. डाइव्ह टॉर्चचा नियमांत वेगळा उल्लेख आहे, कारण ती पाण्याने थंड होईल या हिशोबाने बनवलेली असते. बॅगेत कपड्यांच्या मधे चालू झाली तर काच तापते आणि आजूबाजूचं कापड करपतं. म्हणून दिवा आणि बॅटरी यांचा संबंध तोडलेला हवा, आणि विमान कंपनीची मंजुरीही लागते. लॉक-रिंग फिरवून ठेवणं पुरेसं नाही, चुंबकी स्विच तर साध्या धक्क्याने सरकतो. सेल बाहेर काढा. मंजुरी ईमेलवर मागा आणि उत्तर फोनमध्ये जपून ठेवा.

नीलतळ

पॅकवर 14.4 व्होल्ट, 7000 एमएएच लिहिलंय. म्हणजे 100.8 वॉट-अवर! इतकंसं जास्त असेल तर दुर्लक्ष करतात का?

सेलवाला

तसं गृहीत धरू नका. 3500 एमएएचचे आठ सेल असलेले पॅक नेमके इथेच अडकतात. तेच आठ सेल 3400 एमएएचचे असते तर 97.9 झाले असते. आजच विमान कंपनीला लिहा. मॉडेल, व्होल्ट, अँपिअर-अवर आणि 100.8 हा आकडा स्पष्ट द्या. उत्तराची छापील प्रत पॅकसोबत ठेवा आणि उत्पादकाच्या तांत्रिक माहितीचं पान हाताशी असू द्या. छपाई खाऱ्या पाण्याने पुसली गेली असेल तर ते पान आणखीच गरजेचं, कारण क्षमता कळत नसलेली बॅटरी तपासणी कर्मचारी ठेवून घेऊ शकतात.

ओरिंग

हाउसिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ते बंद करून नेऊ नका. उड्डाणात केबिनचा दाब साधारण 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे 0.75 बारपर्यंत उतरतो. जमिनीवर बंद केलेल्या हाउसिंगच्या आत मात्र 1 बार असतो. फरक पाव बारचा, पण 15 बाय 20 सेंटीमीटरच्या मागच्या दारावर तो जवळपास 75 किलोचा जोर देतो, तोही बाहेरच्या दिशेने. हाउसिंग बाहेरून येणारा दाब सोसायला बनवलेलं असतं, आतून ढकलणारा नव्हे. सगळा भार कड्यांवर येतो.

मुख्य ओ-रिंग काढून छोट्या पिशवीत ठेवा, मग दार नुसतं टेकवलं तरी हवा ये-जा करते. व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (आतली हवा उपसायची झडप) असेल तर तो उघडा ठेवा. सेल काढलेल्या टॉर्चचं झाकण आणि हवाबंद ड्राय बॉक्स यांनाही हेच लागू. याचा तपासणीतही फायदा होतो: दार उघडायला सांगितलं तर झटकन उघडतं, आणि परक्या हाताने ओ-रिंगवर वाळू किंवा केस बसण्याची भीती राहत नाही. कॅमेरा हाउसिंगमधून काढून वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र असले की एक्स-रेत आतलं नीट दिसत नाही.

डीफॉग आणि ग्रीस दोन्ही द्रवाच्या नियमात धरा: 100 मिलिलिटरपर्यंतची बाटली, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अर्धी रिकामी असली तरी 150 ची बाटली चालत नाही, छापलेला आकडा बघतात. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे हा नियम सैल झालाय, पण पुढच्या विमानतळावर तो असू शकतो.

खाऱ्यापाण्याचा

ओल्या सामानाचं उत्तर राहिलं. अनेक दिवस, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर उड्डाणापर्यंत किमान 18 तास थांबायचंच असतं. धुणं-वाळवणं त्यातच बसवा, तेवढा वेळ पुरतो. रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवताना डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) घट्ट लावा आणि पर्ज बटण (हवा जोरात सोडायचं बटण) दाबू नका. दाब नसताना पर्ज दाबलं की पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. मग सेकंड स्टेज (तोंडात धरायचे भाग) खाली लोंबतील असा सावलीत टांगा.

बीसीडी ऐनवेळी केबिनमध्ये घ्यायची वेळ आली तर आधी तिच्या पोटातलं पाणी काढा. फुगवा, उलटी करा, खालचा डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप) सर्वांत खाली आणून दोर ओढा. बाहेरून कोरडी दिसणाऱ्या बीसीडीतूनही पाव लिटर पाणी सहज निघतं, आणि तपासणीत ते 100 मिलिलिटरच्या वरचं द्रवच ठरतं. मास्कच्या डबीत साचलेलं पाणीही ओतून टाका. वाळू झटका, कारण ती बॅगेच्या चेनमध्ये अडकली की बॅग पुन्हा बंद करताना चेन तुटते.

पट्टीने पुसून स्फोटकांची चाचणी झाली तर घाबरू नका. ग्लिसरीन असलेल्या लोशनमुळे कधी कधी यंत्र खोटा इशारा देतं, म्हणून सामान भरण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा.

आणि बॅटऱ्यांची पिशवी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. विमान भरलेलं असलं की दारापाशी केबिन बॅग मागून घेऊन पोटात टाकतात. त्या क्षणी सुटे सेल आणि पॅक बाहेर काढून जवळ ठेवणं बंधनकारक आहे, आणि मागे रांग उभी असताना तळाशी हात घालून शोधायला वेळ मिळत नाही.